नाव, सेतू आणि विमान

रामायणाची कथा ऐकलेल्या कोणत्याही मुलास जलमार्ग व हवाई मार्ग यांची ओळख शाळेत जाण्यापूर्वीच झालेली असते, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. वनवासाच्या आरंभी गुहाची नाव प्रभु रामचंद्रांस गंगेपार नेते. पुढे वानरसेना समुद्रावर सेतू बांधते. आणि अखेरीस पुष्पक विमान सर्वांना अयोध्येस परत आणून पोचविते. नाव, सेतू आणि विमान हा क्रम मुलाच्या कानांवरून इतक्या वेळा गेलेला असतो, की त्यात शिकविण्यासारखे काही आहे असे आपणांस वाटतच नाही.

आपल्या देवालयांच्या अग्रशाळांतून सुट्टीच्या दिवशी मुलांचे वर्ग भरतात. तेथे किंवा बालवाडीत भिंतीवर वाहनांचा एक तक्ता टांगलेला असतो. होडीवर छडी ठेवली की मुले ‘होडी’ म्हणून ओरडतात, आगबोटीवर ठेवली की ‘आगबोट’, विमानावर ठेवली की ‘विमान’. धडा संपला! परंतु त्याच मुलांस घेऊन नदीच्या धक्क्यावर जावे आणि सकाळी पायरीच्या वर असलेले पाणी दुपारी चार पायऱ्या खाली का गेले, असे विचारावे, म्हणजे मुले गप्प होतात. आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्यासोबत आलेली वडील मंडळीही गप्प होतात. तक्त्याने वाहनांची नावे दिली. वाहने कशावर चालतात, कोण चालवितो आणि आपल्या लोकांच्या आयुष्यात ती कोणत्या प्रसंगी उपयोगी पडली, हे काही त्याने सांगितले नाही.

पुष्पक विमान स्वामीच्या इच्छेने चालते, असे रामायणात वर्णन आहे. मनुष्याने केलेले एकही वाहन आजवर इच्छेने चाललेले नाही. पाणी, वारा, भरती-ओहोटी, ऋतू, लाकूड, लोखंड आणि माणसांचे हात यांची मनधरणी करीत करीतच ते पुढे सरकले आहे. ही मनधरणी म्हणजेच वाहतुकीचा इतिहास होय, आणि मुलांस शिकवावयाचे असेल तर तेच शिकविले पाहिजे. त्यासाठी दूरच्या देशीची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या काठी हा सारा इतिहास आपल्या दाराशी उभा आहे.

पहिला धडा देवळाच्या तळीच्या पायरीवर व्हावा. ओल्या मातीचा गोळा मुलाच्या हातात द्यावा आणि पाण्यात सोडावयास सांगावे. गोळा बुडतो. तेवढीच माती घेऊन तिची पातळ वाटी करावी आणि ती अलगद पाण्यावर ठेवावी. वाटी तरंगते. माती तीच, वजन तेच. बदलला तो केवळ आकार. वाटीने अधिक पाणी बाजूस सारले, आणि बाजूस सारलेल्या पाण्याने तिला तोलून धरले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या ग्रीक पंडिताने जो नियम मांडला तो हाच. आणि त्याचे नाव कधीही न ऐकलेल्या आपल्या सुतारांनी होड्या घडविल्या त्याही याच नियमाच्या अनुभवावर.

गोव्यातील मोठ्या माणसांनी या नियमाचा एक ठळक पुरावा पाहिलेला आहे. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत लोहखनिजाने भरलेल्या बार्जेसची रांग मांडवीतून मुरगावच्या दिशेने जाताना दिसे. जाणारी बार्ज पाण्यात इतकी खोल बसलेली असे, की तिचा काठ पाण्याला टेकतो की काय असे वाटे; आणि तीच बार्ज रिकामी होऊन परतताना एखाद्या घरासारखी उंच दिसे. आजोबांनी नातवाला हे सांगितले, तर कोणत्याही पुस्तकाची गरज उरत नाही. कुंभारजुव्याच्या सांगोडोत्सवाचेही तसेच आहे. गणेशविसर्जनाच्या वेळी दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या घालतात आणि पौराणिक देखावे उभे करून नदीतून मिरवितात. एकच होडी का घेत नाहीत, हा प्रश्न मुलाने विचारावा अशी वाट पाहावी. दोन होड्या जोडल्या की पाया रुंद होतो, आणि वर माणसे नाचली तरी तोल जात नाही. उत्सव पाहता पाहता नौकाबांधणीचा एक मोठा सिद्धांत मुलाच्या पदरात पडतो.

दुसरा धडा भरती-ओहोटीचा. त्यासाठी घरात साधन तयारच आहे. ते म्हणजे पंचांग. चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी दिवसातून साधारण दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्य व चंद्र एका रेषेत आल्यामुळे भरती मोठी होते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती मंदावते. ती भांगाची भरती. कोकणपट्टीवरील दर्यावर्दी लोकांनी याचा एक सोपा हिशेब बसविला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. गावागणिक व खाडीगणिक यात फरक पडतो, तो त्या त्या ठिकाणी पाहूनच सुधारून घ्यावा लागतो. ज्या पंचांगात आपण एकादशी आणि संकष्टी पाहतो, त्याच पंचांगात तांडेल आपली होडी केव्हा लोटावयाची ते पाहत आला आहे, हे कळले म्हणजे मुलाच्या दृष्टीने तिथी हा केवळ उपवासाचा विषय राहत नाही.

येथपर्यंत पाण्याचा विचार झाला. आता पाण्यावरून गेलेल्या माणसांचा विचार करू.

आज राज्याच्या बसगाड्यांवर ‘कदंब’ हे नाव आपण रोज वाचतो. ज्यांच्यावरून ते घेतले, ते गोव्याचे कदंब राजे मुख्यतः समुद्रावर बलाढ्य होते. जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्हा परिसरात, त्यांचे गोपकपट्टण हे बंदर व राजधानी होती. या वंशातील गुहल्लदेव राजाची एक हकीकत त्यांच्या ताम्रपटात आलेली आहे, आणि मुलांस सांगण्यास तिच्याहून चांगली गोष्ट मिळणे कठीण. राजा समुद्रमार्गाने सोमनाथाच्या यात्रेस निघाला. वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. राजेपण तेथे उपयोगी पडले नाही; जहाज कसेबसे गोव्याच्या बंदरास लागले आणि तेथे मदुमद नावाच्या अरब व्यापाऱ्याने राजास साह्य केले. त्याचे उपकार राजवंश विसरला नाही, म्हणून तर ही हकीकत ताम्रपटावर कोरली गेली. यात्रा शिवाची, यात्रेकरू राजा, आणि मदतीचा हात परधर्मीय व्यापाऱ्याचा! समुद्रावर माणूस माणसाला कसा लागतो, हे या एका प्रसंगाने मुलास जेवढे समजेल तेवढे दहा उपदेशांनी समजणार नाही.

कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्याचे मूळ स्थान मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर होते. मुसलमानी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने त्याचा उद्धार केला. १५१० साली गोवे शहर पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि १५४० च्या सुमारास बेटांवरील देवालये पाडण्याचे सत्र सुरू झाले. त्यात दिवाडीचे हे देवालयही गेले. भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्यास नेले. नार्वे पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होते. मध्ये होते ते केवळ नदीचे पात्र. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. शके १५९० चा तो शिलालेख देवालयाच्या दारावर आहे.

तिसवाडीत जे घडले तेच साष्टीतही घडले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, श्रीमंगेश १५६० साली प्रियोळास आला. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. ही नावे आपल्या वाचकांच्या रोजच्या आरतीतील आहेत. परंतु साष्टी आणि अंत्रुज यांच्यामध्ये जुवारी नदी वाहते, हे भूगोलाचे वाक्य या इतिहासाच्या शेजारी ठेवून आपण मुलांस कितीदा सांगितले? देव पालखीतून आले असे आपण सहज म्हणतो. पालखी पाण्यावरून चालत नाही. साष्टीहून अंत्रुजात येणाऱ्याला वाटेत तारी लागला, वल्हे लागले, ओहोटीची किंवा भरतीची वेळ साधावी लागली. आपल्याकडे नदी पार करून देणाऱ्यास तारी म्हणतात. तारणे आणि पार नेणे या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावलेल्या आहेत. नार्व्याच्या शिलालेखावर राजाचे नाव आहे, आणि ते असणे योग्यच आहे. तारीचे नाव तेथे नाही. इतिहास शिकविणाऱ्याने ही उणीव मुलांस बोलून दाखवावी. कारण ज्या जलमार्गाचा आपल्या समाजावर सर्वांत मोठा उपकार आहे, तो मोठ्या गलबताचा मार्ग नव्हे. तो पलीकडच्या काठापर्यंत जाणाऱ्या साध्या होडीचा मार्ग होय.

नदी ओलांडणे वेगळे आणि समुद्र ओलांडणे वेगळे. समुद्राचा स्वामी वारा. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत नैर्ऋत्येकडून येणारे वारे पाऊस आणतात आणि शिडाच्या जहाजास किनाऱ्यावर आपटून टाकतात. पुढे हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहू लागतो. अरबस्तान आणि आफ्रिकेकडील जहाजे या दोन वाऱ्यांच्या आधारेच शतकानुशतके ये-जा करीत आली. त्या वाऱ्यांस आपण मोसमी म्हणतो तो शब्दही अरबी दर्यावर्दींच्या बोलीतून आलेला. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मग होड्या लोटण्याची आपली रीत म्हणजे या ज्ञानाचेच धार्मिक रूप होय. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस सरकारी बंदी असते. कारणे थोडी निराळी आहेत. पण समुद्रास विश्रांती हवी, हे आजोबांचे म्हणणे कायद्यानेही मान्य केले असे मुलास सांगता येईल.

एकोणिसाव्या शतकात आगबोट आली आणि वाऱ्याची गुलामगिरी संपली असे लोकांस वाटले. मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली. बंदराबंदरांवर पडाव आगबोटीला भिडत आणि उतारू ट्रंका-वळकट्यांसह चढत-उतरत. पुढे १९६० व १९७० च्या दशकांत ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी जे जत्रेसाठी गावी आले, ती मंडळी आजही त्या प्रवासाच्या आठवणी सांगतात. परंतु वाऱ्याची सत्ता खरोखर संपली होती काय? १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली. वाटेत वादळी लाटांनी ती एका बाजूस झुकली, घाबरलेली माणसे धावली, आणि आगबोट कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीचे नाव संतांचे होते. परंतु समुद्र नाव पाहत नाही, तो तोल पाहतो. मुलांस ही गोष्ट सांगताना भय घालण्याचा हेतू नसावा. होडीत बसल्यावर उभे राहू नये, सर्वांनी एका काठाशी गोळा होऊ नये, तांडेलाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नये, हे नियम कोणाच्या तरी हट्टातून आलेले नाहीत. त्यांच्यामागे माणसांचे प्राण आहेत, एवढे त्यांना कळावे.

आता सेतू. १९७० च्या सुमारास पणजीजवळ मांडवीवर मोठा पूल झाला आणि १९८३ साली आगशी व कुठ्ठाळी यांना जोडणारा जुवारीवरील पूल खुला झाला. ज्या कुशस्थळीहून श्रीमंगेश नदीपलीकडे गेले, त्याच कुठ्ठाळीशी आता पुलाचा पाया रोवला गेला. तासन्‌तास धक्क्यावर खोळंबणारी वाहने काही मिनिटांत पार होऊ लागली. लोकांनी फेरीबोटीकडे पाठ फिरविली. आणि ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला. खाऱ्या हवेने व पाण्याने आतले पोलाद गंजते, ही गोष्ट समुद्राकाठच्या माणसास नवी नव्हती. तरी सेतू एकदा बांधला की तो कायमचा, असे आपण गृहीत धरले होते. नवा पूल १९९२ साली होईपर्यंत पणजी आणि बारदेश यांच्यामधील ये-जा पुन्हा पाण्यावरून करावी लागली. ज्या बोटींस आपण जुन्या काळाच्या म्हणून बाजूस सारले होते, त्यांनीच राजधानीचा व्यवहार चालविला. २०१९ साली मांडवीवर तिसरा पूल झाला; जुवारीवर २०२२ पासून नवा पूल वापरात आला. दोन्ही पूल भव्य आहेत आणि मुलांनी ते जरूर पाहावेत. परंतु पाहताना १९८६ ची गोष्टही ऐकावी. नवे साधन जुन्याला हटवीत नाही. पुष्कळदा ते जुन्याच्या खांद्यावर उभे असते.

याचा उत्तम दाखला म्हणजे विमान होय. विमान हे जहाजाचे अपत्य आहे, असे मुलांस सांगितले तर त्यांना नवल वाटेल. पण पुरावे पाहावेत. जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. रात्री आकाशातून जाणाऱ्या विमानाकडे पाहिले तर तेथेही डाव्या पंखावर तांबडा आणि उजव्यावर हिरवा. जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात, विमानाचाही तसाच, एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर. जहाजावर कप्तान, विमानातही कप्तान. आणि वारा दोघांचाही धनी. शीड उभारण्यापूर्वी तांडेल जशी वाऱ्याची दिशा पाहतो, तशीच वैमानिकही पाहतो. विमानाच्या पंखांवरून हवा जितक्या वेगाने वाहील तितका त्याला वर उचलणारा जोर अधिक. म्हणून ते वाऱ्याकडे पाठ करून नव्हे, तर वाऱ्याला सामोरे जाऊन उडते. वावडी उडविणारा प्रत्येक मुलगा हे जाणतो. दाबोळीची धावपट्टी पूर्वपश्चिम आहे. पश्चिमेचा वारा असला म्हणजे विमान समुद्राकडे तोंड करून झेपावते. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंनी पहिले यशस्वी उड्डाण केले तेही जोराच्या वाऱ्याला सामोरे जाऊनच. ते उड्डाण अवघे १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. दिवाडीची फेरीबोट त्याहून कितीतरी लांब जाते!

सुमारे सातच वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, प्रयागात एक घटना घडली. हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन प्रयागहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उड्डाण केले. जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल ती हीच. अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ १३ मिनिटे. विमानाने आपल्या देशात जे पहिले काम केले ते नावाड्याचे, म्हणजे नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर टपाल पोचविण्याचे. आणि तेही त्रिवेणी संगमाच्या परिसरात. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचे विमान आणले. परंतु पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी साचे आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. मोसमी वाऱ्याने विमानासही आपले पंचांग पाहावयास लाविले. त्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडकडून येणारी काही विमाने तर जमिनीवर न उतरता पाण्यावरच उतरत. त्यांच्या मार्गातील एक मुक्काम ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर होता. पोट होडीचे आणि पंख विमानाचे अशा त्या यंत्रास नाव म्हणावे की विमान, असा प्रश्न तेव्हाच्या मुलांस पडला असेल तर नवल नाही.

गोव्यात विमान आले ते मात्र निराळ्या कारणाने. स्वतंत्र भारताने पोर्तुगीज वसाहतींची आर्थिक नाकेबंदी केली, १९५५ साली रेल्वेची वाहतूक थांबली, आणि त्याच साली पोर्तुगीज सरकारने दाबोळीचा विमानतळ उभारून स्वतःची विमान कंपनी सुरू केली. जमिनीची वाट बंद झाली म्हणून आकाशाची वाट उघडली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने त्याच धावपट्टीवर बाँब टाकले; तरी त्या रात्री खड्डे चुकवून दोन विमाने कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे दाबोळीचा तळ भारतीय नौदलाकडे आला, आणि नौदलाच्या तळावरूनच नागरी विमाने जाऊ-येऊ लागली. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथे दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता मुंबईची, बडोद्याची किंवा इंदूरची महाजन मंडळी सकाळी निघून दुपारच्या आरतीस देवळात हजर होऊ शकतात. ही सोय आनंदाची आहे. फक्त ती कोणत्या क्रमाने आली, हे मुलास ठाऊक असावे.

एका नाजूक प्रश्नाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पुष्पक विमान खरे होते का, असे मूल एक दिवस विचारतेच. अशा वेळी पुष्कळ सज्जन मंडळी अभिमानाच्या भरात सांगतात की, विमानाचा शोध आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच लागला होता. आणि पुरावा म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे व १८९५ साली मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांनी केलेल्या उड्डाणाचे नाव घेतात. तळपदे यांच्या उड्डाणास भरवशाचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला आणि दुसऱ्यांनी उतरून घेतला. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तो तपासला आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा दिला. हे सांगितल्याने रामायणाचे काही उणे होत नाही. पुष्पकाची थोरवी त्याच्या यंत्रात नाही. रावणाने ते कुबेराकडून हिरावून घेतले. रामाने काम होताच ते कुबेराकडे परत पाठविले. दुसऱ्याची वस्तू परत करावी, हा त्या कथेचा अर्थ यंत्राच्या नकाशात सापडणार नाही. पुराणास पुराणाच्या जागी आणि इतिहासास इतिहासाच्या जागी ठेवले म्हणजे दोघांचाही मान राहतो. उलट, आज अभिमानाने सांगितलेली खोटी गोष्ट उद्या मुलास खोटी म्हणून कळली, तर त्याचा विश्वास त्या एका गोष्टीवरून उडून थांबत नाही. नार्व्याच्या शिलालेखावरून आणि कदंबांच्या ताम्रपटावरूनही तो उडतो. आपल्यापाशी कोरीव अक्षरांतला खरा इतिहास असताना ही जोखीम आपण का घ्यावी?

म्हणून पालकांस आणि देवालयांच्या चालकांस एक सूचना करावीशी वाटते. यंदा जत्रेस किंवा कुळाचारास गोव्यात याल तेव्हा अर्धा दिवस राखून ठेवावा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसून दिवाडीस जावे, बेट ओलांडावे, आणि पुन्हा फेरीबोटीने नार्व्यास उतरावे. निघण्यापूर्वी मुलाकडून तिथी पाहवून भरतीची वेळ काढवावी; ती बरोबर आली की चुकली, हे धक्क्याच्या पायऱ्यांवर त्याचे त्याला दिसेल. पात्राच्या मधोमध आल्यावर सप्तकोटीश्वराची हकीकत सांगावी. नार्व्यास देवदर्शन झाल्यावर दारावरील शके १५९० त्याला बोटाने दाखवावा. एवढ्याने तक्त्यावरची होडी त्याच्या मनात पाण्यावर उतरेल.

आणि एक गोष्ट त्याला न सांगता करू द्यावी. गंगा ओलांडण्यापूर्वी रामाने गुहाला आलिंगन दिले होते, हे त्याने कथेत ऐकलेले असते. फेरीबोटीतून उतरताना मुलाने मागे वळून सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसास आपण होऊन हात जोडले, तर धडा पुरा झाला असे समजावे.